३५ हजारांत घरचा डेस्कटॉप: असेंबल करायचा की तयार घ्यायचा?

नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. घरात डेस्कटॉप घ्यायचाय, बजेट ३५ हजार. त्यांच्या मिसेस घरून तीन-चार दुकानदारांचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं काम करतात, लेक यंदा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेलीये. भाचा म्हणतो पार्ट आणू आणि घरीच असेंबल करू, निम्म्या पैशात होतं. ऑफिसमधले मित्र म्हणतात कंपनीचाच घ्या, वॉरंटी असते, डोक्याला ताप नको. आणि एका दुकानदाराने रिफर्बिश्ड, म्हणजे ऑफिसने वापरून काढलेला आणि साफ-दुरुस्त करून परत विकायला ठेवलेला, दाखवलाय, तो स्वस्त आहे पण जुना माल घ्यायला मन धजत नाहीये. तर काय करावं?

मी नाशिकमध्येच मशीनं असेंबल करणं, रिपेअर करणं आणि छोट्या ऑफिसांचे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार) सांभाळणं हे काम करतो, त्यामुळे मशीन विकत घेताना लोक काय विचार करतात त्यापेक्षा ते दोन वर्षांनी माझ्या टेबलावर कशासाठी येतं हे मला जास्त दिसतं. आणि तिथून बघितलं तर या प्रश्नात सगळे किंमतीवर भांडतात पण किंमत हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा हा की मशीन बंद पडेल त्या दिवशी कॅबिनेट कोण उघडणार, आणि ते किती दिवस बंद राहिलेलं तुम्हाला चालेल. तुमच्या घरात तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण वहिनींना महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, १९ तारखेला रात्री डिस्प्ले यायचा बंद झाला तर पार्ट कुरिअरने मुंबईला पाठवून तीन आठवडे थांबणं परवडत नाही. गेमिंगवाल्या पोराला तीन आठवडे परवडतात, तो चिडतो पण नुकसान होत नाही. त्यामुळे इंटरनेटवर जे व्हिडिओ तुम्ही आणि भाच्याने बघितलेत ते खोटे नाहीत, फक्त ते दुसऱ्या माणसासाठी केलेले आहेत.

आधी बजेटचं बघू. ३५ हजार मॉनिटर धरून की सोडून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. धरून असेल असं मी मानतो. बावीस-चोवीस इंची बरा आयपीएस (बाजूने बघूनही रंग नीट दिसणारा) मॉनिटर सात हजारांच्या आसपास, ६०० व्हीएचा यूपीएस अडीच-तीन हजार, कीबोर्ड-माऊस आणि वायफायचा डोंगल मिळून दीडेक हजार. (डेस्कटॉपमध्ये वायफाय असतंच असं नाही, हे बऱ्याच जणांना घरी आणल्यावर कळतं, राऊटर हॉलमध्ये आणि मशीन आतल्या खोलीत, मग वायर ओढायची पळापळ.) म्हणजे खऱ्या अर्थाने डब्यासाठी, म्हणजे मॉनिटर सोडून मुख्य मशीनसाठी, तुमच्याकडे तेवीस-चोवीस हजार आहेत. आकडे दुकानागणिक आणि आठवड्यागणिक मागेपुढे होतात, पण अंदाज हाच धरा.

आता भाच्याचं म्हणणं. असेंबल निम्म्यात पडतो हे पूर्वी काही प्रमाणात खरं होतं आणि तेव्हाही त्या निम्म्या किंमतीत विंडोजचं लायसन्स धरलेलं नसायचं, दुकानदार पेन ड्राइव्हवरून कुठलीतरी क्रॅक कॉपी टाकून द्यायचा आणि सगळे खूष. वहिनी लोकांचे हिशेब, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, बँकेची स्टेटमेंटं त्या मशीनवर ठेवणार आहेत, तिथे क्रॅक टाकलेलं विंडोज मी बसवून देत नाही. ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांना विंडोजच्या ज्या की (ॲक्टिव्हेशनचे नंबर) मिळतात त्या बहुतेक कंपन्यांच्या, एकदम अनेक मशीनसाठी घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात, आज ॲक्टिव्हेट होतील आणि कधीही बंद पडतील. खरं रिटेल लायसन्स घ्यायला गेलात तर तेवीस हजारांतला मोठा घास तेच घेतं. लिनक्स फुकट आहे आणि लेकीच्या अभ्यासाला उत्तम आहे, पण टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे तुमच्या घरात तो रस्ता अर्धाच उघडा आहे.

दुसरं म्हणजे रॅम. २०२५ च्या सुरुवातीला १६ जीबी डीडीआर४ तीन हजारांच्या आत-बाहेर मिळायची. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला, आणि घरगुती रॅमचे भाव दुप्पट-तिपटीच्या पुढे गेले, मागोमाग एसएसडीही (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) चढली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने सुट्या ग्राहकांना माल विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि आपल्याकडे स्वस्त आणि भरवशाची रॅम म्हणून क्रुशलच सर्रास बसवली जायची. म्हणजे भाच्याने जो बजेट बिल्डचा व्हिडिओ बघितला असेल तो कधीचा आहे ते आधी बघा. जुना असेल तर त्यातला रॅमचा आकडा आज लागू नाही.

हिशेब मांडून बघा. आजच्या घडीला साधं काम नीट करणारा नवा सेट म्हणजे इंटेलचा आय३-१२१०० प्रोसेसर आणि त्याला चालणारा एच६१० चा मदरबोर्ड, किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी आणि त्याला साजेसा एएम४ बोर्ड. दोन्ही चांगले आहेत. आय३ चार कोअर आठ थ्रेडचा आहे, ५६००जी सहा कोअर बारा थ्रेडचा (हे जास्त तेवढी कामं एकदम होतात) आणि त्याचं आतलं ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग) आय३ पेक्षा बरंच दमदार. पण प्रोसेसर आणि बोर्ड यातच पंधरा हजारांच्या आसपास जातात. उरलेल्या आठ-नऊ हजारांत रॅम, एसएसडी, एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारं युनिट), कॅबिनेट आणि विंडोज बसवायचंय. बसत नाही. मग काय होतं, की माणूस जिथे दिसत नाही तिथे काटतो, आणि ती जागा असते एसएमपीएस.

एसएमपीएसवर थोडं थांबतो, कारण असेंबल केलेली मशीनं माझ्याकडे सगळ्यात जास्त याच कारणाने येतात. कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस फुकट मिळतो त्याच्यावर ४५० वॅट, ५०० वॅट असं छापलेलं असतं, हातात घेतला तरी कळतं की आत काही नाही, वजनच लागत नाही. साध्या कामात तो वर्ष-दीड वर्ष चालतोही. मग एका दिवशी लाईट जाऊन-येऊन करते, व्होल्टेज उडतं, आणि तो मरताना एकटा मरत नाही, सोबत बोर्ड नेतो, कधी एसएसडीसुद्धा. आपल्याकडे जूनमध्ये पहिले वारे-पाऊस सुरू झाले की दहा मिनिटांत चार वेळा लाईट जाणं-येणं होतंच, पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे अशा मशीनची रांग लागते. त्यामुळे असेंबल करायचाच ठरला तर ८० प्लस ब्रॉन्झ (वीज वाया न घालवण्याचा दर्जा) छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा एसएमपीएस घ्या, ४५० वॅट भरपूर झाला, आणि कॅबिनेट सगळ्यात साधं घ्या. लोक उलटं करतात, काचेचं लाईटवालं कॅबिनेट घेतात आणि आत फुकटचा एसएमपीएस.

असेंबल करताना आणखी दोन-तीन ठिकाणी माणूस फसतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीचा रायझन ५ ५५०० हाही तसाच, ५६००जी पेक्षा स्वस्त दिसतो पण त्याला वेगळं कार्ड लागतंच. मग दुकानदार जीटी ७१० किंवा ७३० असलं कार्ड टाकून देतो आणि बिलावर ग्राफिक्स कार्डवालं मशीन असं लिहितो. ही कार्डं दहा वर्षांच्या आगेमागे जुनी आहेत आणि ५६००जी च्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा कमजोर आहेत, म्हणजे पैसे जास्त आणि काम कमी. दुसरं, प्रोसेसर सीलबंद बॉक्सचाच मागा, ट्रेचा (बॉक्सशिवाय सुटा) नको. ट्रेच्या मालाला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी तुम्हाला मिळत नाही, दुकानदार देईल तीच. तिसरं, आतल्या ग्राफिक्सवर चालवायचं असेल तर १६ ची एक रॅम घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. ग्राफिक्स तीच रॅम वापरतं, दोन चॅनल मिळाले की ५६००जी सारख्या चिपमध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

वॉरंटीबद्दल तुमचे मित्र म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. असेंबल मशीनला वॉरंटी नसते हा गैरसमज आहे, उलट प्रत्येक पार्टला असते आणि बऱ्याचदा कंपनीच्या मशीनपेक्षा जास्त, प्रोसेसर आणि बोर्डला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, रॅमला त्याहून जास्त. अडचण ही की मशीन बंद पडलं तर त्यातला कुठला पार्ट गेलाय हे आधी तुम्हाला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी हाताशी दुसरी चालू रॅम, दुसरा एसएमपीएस लागतो, घरी कुठून आणणार? मग त्या एका पार्टचं सर्व्हिस सेंटर शोधा, काहींचं नाशिकमध्ये आहे, काहींचं मुंबई-पुण्याला, आणि पार्ट परत येईपर्यंत मशीन बंद. भाचा हे सगळं करणार असेल आणि तो नाशिकातच राहणार असेल तर ठीक आहे. पण पुढच्या वर्षी तो नोकरीला पुण्याला गेला तर? हे त्याला आजच विचारून घ्या, रागावणार नाही तो.

आणि असेंबल करायचं ठरलंच तर एक कळकळीची गोष्ट, पार्ट सगळे एकाच दुकानातून घ्या आणि तिथेच बसून जोडून, बायोस (मशीन चालू होताना येणारी सेटिंगची स्क्रीन) दिसेपर्यंत चालू करून मगच घरी आणा. इंटेलच्या बोर्डवर सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात, एक वाकली की बोर्ड गेला, आणि घरी नेऊन वाकली की आधीच वाकलेली होती हे तुम्ही कितीही सांगा, कोणी ऐकत नाही. बरेच लोक पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला निघून दादरला उतरतात, लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जातात आणि पार्टची पिशवी घेऊन संध्याकाळी परत येतात. पाच-सातशे वाचतात, कधी हजार. पण रॅम चालली नाही तर परत तेवढंच फिरणं आलं. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर तो फेरा समजू शकतो, तेवीस हजारांच्या डब्यासाठी मला पटत नाही. शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड इकडच्या दुकानांना पार्ट सांगितला आणि शेल्फवर नसला तर बहुतेक वेळा ते एक-दोन दिवसांत मागवून देतात.

आता कंपनीचा नवा. यात दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ऑफिससाठी जी बिझनेस सिरीज येते तिची बांधणी चांगली असते, घरी येऊन दुरुस्त करण्याची ऑनसाईट वॉरंटी असते आणि ती तीन वर्षांपर्यंत घेता येते. ती नवी घ्यायला तुमचं बजेट कमी पडतं. तेवीस-चोवीस हजारांत नवी कोरी जी मशीनं दाखवतात ती बहुधा सगळ्यात हलक्या प्रोसेसरची, आठ जीबी रॅमची असतात. वॉरंटी एक वर्ष. विंडोज लायसन्स सोबत असतं हा मोठा फायदा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण वर्ष संपल्यावर बोर्ड किंवा एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा पार्ट त्यात बसत नाही, कारण या कंपन्या बोर्डचा आकार, एसएमपीएसची पिन, सगळं आपापलं ठेवतात. कंपनीकडून मागवायला गेलं की सांगितलेली किंमत ऐकून माणूस गप्प बसतो.

यावर तुम्ही म्हणाल की रिफर्बिश्डमध्येही हेच की. हो, पार्ट तिथेही कंपनीचेच लागतात. पण तिथे एक मोठा फरक आहे. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर ही मशीनं कंपन्यांनी आणि बँकांनी एकेका वेळी शेकड्यांनी घेतलेली असतात, तीन-चार वर्षांनी लीज संपली की तो सगळा लॉट एकदम बाजारात येतो. त्यामुळे त्यांचे जुने एसएमपीएस, बोर्ड, पंखे स्वस्तात आणि सहज मिळतात, माझ्याकडेच काही मॉडेलांचे एसएमपीएस काढून ठेवलेले असतात, सकाळी मशीन आलं तर संध्याकाळी चालू होऊन जातं. १९ तारखेच्या रात्रीचा जो प्रश्न मी वर मांडला त्याचं उत्तर इथे मिळतं.

आणि बघा, सुटे घेताना जे तीन पदार्थ महाग पडतात, रॅम, एसएसडी आणि विंडोज, ते तिन्ही या डब्यात आधीच बसून येतात. लायसन्सची की बोर्डच्या बायोसमध्येच असते, मशीन विंडोज १० प्रोचं असेल तर त्याच कीवर ११ प्रो ॲक्टिव्हेट होतं. आय५-८५०० वालं मशीन साधारण पंधरा ते वीस हजारांत बसतं, रॅम किती आहे त्यावर. सहा कोअर आहेत, टॅली, एक्सेल, क्रोमच्या वीस टॅब, झूम, सगळं आरामात. नवा आय३-१२१०० त्याच्यापेक्षा वेगवान आहे हे खरंय, पण वहिनींच्या आणि लेकीच्या कामात तो फरक जाणवायला घड्याळ लावावं लागेल. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की जाणवतं, आठ जीबीची सोळा केली की जाणवतं, त्यापुढे फार नाही.

पण इथे जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी, सांभाळा, रिफर्बिश्डमधला सगळा खेळ त्यावर आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. म्हणून सहाव्या-सातव्या जनरेशनचे, म्हणजे आय५-६५००, ७५०० असले डबे सध्या बाजारात खूप स्वस्त झालेत, कंपन्यांनी ते याच कारणाने काढून टाकलेत. जुगाड करून ११ टाकता येतं, दुकानदार टाकूनही देतो, पण पुढची अपडेट त्यावर येईलच याची हमी कोणी देत नाही. पैशाचं काम चालणाऱ्या मशीनवर हे नको. आय५-८५०० मधला पहिला ८ म्हणजे आठवं जनरेशन, नंबर पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे धरा, जसं १२१०० म्हणजे बारावं, आणि जनरेशन ८ च्या खाली असेल तर उठून या.

त्याच्याही पुढची फसवणूक म्हणजे ते आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, मॉनिटरसकट फक्त पंधरा हजार अशा जाहिराती. त्यात बहुतेक वेळा आय७-२६०० नाहीतर ३७७० असतो, २०११-१२ सालचा, आणि त्याला नव्याने बनवलेला एच६१ चा स्वस्त बोर्ड. कॅबिनेट नवं कोरं, चकाचक, त्यामुळे माणसाला वाटतं मशीन नवं आहे. आय७ हे नुसतं ऐकून काहीच कळत नाही, आजचा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. दुकानात टास्क मॅनेजर उघडायला सांगा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की पूर्ण नाव दिसतं. दुकानदार उघडायला टाळाटाळ करत असेल तर तेवढंच उत्तर पुरेसं आहे.

रिफर्बिश्ड घेताना दुकानात अर्धा तास द्या आणि लेकीला सोबत न्या, तिचाही अभ्यास होईल. विंडोजची की आणि R एकत्र दाबून येणाऱ्या रनमध्ये tpm.msc टाईप करून टीपीएम २.० दिसतंय का बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसएसडीची हेल्थ किती टक्के ते दिसतं, ऐंशीच्या खाली असेल तर बदलून मागा. बायोसमध्ये जाऊन बघा पासवर्ड तर नाही ना, जुन्या कंपनीने टाकलेला पासवर्ड राहिला असेल तर पुढे फार त्रास होतो. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का, आणि बायोसमधल्या कीवरच आहे का हेही विचारा. साइडचं झाकण उघडून घ्या, आत धुळीचे गोळे असतील तर नीट साफही केलेला नाही म्हणजे रिफर्बिश्ड हा शब्द नुसता स्टिकरवर आहे. मागच्या बाजूला कुठले पोर्ट आहेत तेही बघा, ऑफिसच्या काही मशीनना एचडीएमआय नसतो, डिस्प्लेपोर्टच असतो, मग वेगळी केबल लागते, तीनेकशे रुपयांची गोष्ट पण पहिल्याच संध्याकाळी अडवते. आणि बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर आणि दुकानाची वॉरंटी लिहून. वर्षाची मागा, सहा महिन्यांच्या खाली घेऊ नका. डबा शक्यतो एसएफएफ (लहान, आडवा-उभा ठेवता येणारा) किंवा टॉवर (नेहमीचा उभा) घ्या, एकदम पुस्तकाएवढा मायक्रो नको. तो दिसायला छान असतो पण त्यात लॅपटॉपची रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि उन्हाळ्यात बंद खोलीत चांगलाच तापतो.

लेकीचं काम यात बसेल का, हा तुमच्या मनातला खरा प्रश्न असणार. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सी, पायथन, जावा, डेटाबेस, वेबपेज असली कामं असतात, ती याच्यावर कसलाही ताण न पडता होतात. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन (एका मशीनच्या आत दुसरं) चालवायची वेळ आली तर प्रोसेसर आड येत नाही, रॅम येते. म्हणून घेतानाच १६ जीबी मिळाली तर उत्तम, नाहीतर आठची एकच पट्टी आणि एक स्लॉट मोकळा असलेलं मशीन घ्या म्हणजे नंतर दुसरी टाकता येईल. पुढे अपग्रेड करता येईल म्हणून असेंबलच घ्या असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. माझ्या अनुभवात घरगुती माणूस प्रोसेसर कधीच बदलत नाही. तो रॅम वाढवतो, एसएसडी मोठी करतो, फार तर एखादं लहान कार्ड टाकतो, आणि ते रिफर्बिश्डमध्येही होतं, फक्त एसएफएफ डब्यात कार्ड बुटकं आणि वेगळी पॉवर केबल न लागणारं घ्यावं लागतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत आठव्या जनरेशनच्या किंवा त्यापुढच्या रिफर्बिश्ड बिझनेस मशीनचं आहे, आणि जे पाचेक हजार उरतील ते मॉनिटर चांगला घेण्यात आणि वहिनींच्या टॅली डेटाच्या बॅकअपसाठी बाहेरच्या एका डिस्कमध्ये घाला. हेच मत सगळ्यांसाठी नाही. लेकीला थ्रीडी, गेम बनवणं किंवा व्हिडिओ एडिटिंग यात खरंच रस असेल तर सरळ थांबा, आणखी पंधरा-वीस हजार जमवा आणि नीट एसएमपीएससकट असेंबल करा, तिथे असेंबलला तोड नाही आणि स्वतःच्या हाताने जोडताना ती जे शिकेल ते वेगळंच. तुमच्या घरात आधीपासून चालू मॉनिटर आणि यूपीएस असेल तरी गणित बदलतं, मग पूर्ण ३५ हजार डब्याला मिळतात आणि ५६००जी चा नवा सेट विचारात घेता येतो. आणि ऑफिसकडून पैसे मिळणार असतील, किंवा वहिनींची जीएसटी नोंदणी असून इनपुट क्रेडिट घेता येत असेल, तर नवी बिझनेस सिरीज तीन वर्षांच्या ऑनसाईट वॉरंटीसह घेणं सगळ्यात निर्धास्त.

कुठलंही घेतलंत तरी दोन गोष्टी मशीन आणायच्या आधी करा. एक, ज्या खोलीत ठेवणार तिथल्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार मला जुन्या नाशकातल्या वाड्यांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडून येते आणि लोक मशीनला दोष देतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं, करंट अगदी थोडा असतो पण यूएसबी पोर्ट, पेन ड्राइव्ह असल्या गोष्टी त्याने जातात. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी ते काम. दोन, यूपीएस लावल्यावर पहिल्याच आठवड्यात टॅली बंद करून, मशीन चालू ठेवून मेन स्विच स्वतः बंद करून बघा. काही स्वस्त यूपीएस आणि चांगले एसएमपीएस यांचं जमत नाही, लाईट गेली की मशीन रीस्टार्टच होतं, आणि हे दुकानदार बदलून देतोय तोवर कळलेलं बरं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून चाला.

तुमच्याकडे जुना मॉनिटर आहे का, आणि भाचा नाशिकात राहणार आहे का, एवढं कळवा. आणि त्या दुकानदाराने दाखवलेल्या रिफर्बिश्डचं मॉडेल आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहा, घेण्यासारखा आहे की नाही ते मी सांगतो.